शेजारच्या मशीनचं हँडल

"वर्षाताई, पुढच्या वेळेपासून मला फिलोमिनाबाईंच्या शेजारची जागा देऊ नका," गायकवाड सर म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या हातातली सुई काढून बोळा दाबून धरला होता. सर चिडलेले नव्हते. चिडले असते तर समजूत घालता आली असती. ते नुसते शांत होते.

मी पेणच्या एका छोट्या सेंटरमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे. किडनी काम करेनाशी झाली की रक्तातली घाण आणि जादा पाणी मशीनने काढावं लागतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी हाताची धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. तिथे दोन सुया लागतात. एका सुईने रक्त बाहेर येतं, मशीनमधून साफ होतं आणि दुसऱ्या सुईने परत आत जातं. चार तास तो हात हलवायचा नाही. करायला काही नसतं. त्यामुळे शेजारचा माणूस कोण आहे याला फार महत्त्व येतं.

सर आणि मावशी दोन वर्षं शेजारी होते. फिलोमिनामावशी मूळच्या रेवदंड्याकडच्या, कॅथलिक. नवरा डोलवीला कंपनीत होता म्हणून पेणला आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. सर रोह्याच्या शाळेतून रिटायर झालेले, मूळ नगरकडचे, प्रोटेस्टंट. मी निडीला राहते. सर रोह्याहून यायचे, मी पुढच्या स्टेशनवर चढायची, आणि पेण येईपर्यंत ते मला दोन पंथांतला फरक समजावून सांगायचे. मला आधी वाटायचं, ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच.

त्यांचा वाद असा होता. मावशी मोकळ्या हाताने जपमाळ ओढत मेरीमातेला सांगायच्या, आमच्यासाठी देवाकडे शब्द टाक. सर म्हणायचे, देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, तो म्हणजे ख्रिस्त. थेट बोलता येत असताना वशिला कशाला? मावशी म्हणायच्या, मग तुमच्या ऑपरेशनच्या वेळी चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांना माझ्यासाठी प्रार्थना करा असं का सांगितलंत? सर म्हणायचे, ती माणसं जिवंत होती. त्यावर मावशींनी एकदा जे उत्तर दिलं ते मी विसरलेले नाही.

"देवाजवळ कोन मेलेलं नाय, सर."

दुसरा वाद मेलेल्यांचा. मावशींच्या मते माणूस चांगला असला तरी लगेच देवासमोर उभा राहण्याइतका स्वच्छ नसतो. मधे शुद्ध होण्याचा एक काळ असतो, त्याला त्या पर्गेटरी म्हणायच्या. त्या वाटेवरच्यांना आपल्या प्रार्थनेची मदत होते. म्हणून नवऱ्यासाठी, अंतोनसाठी, त्या रोज माळ म्हणायच्या. सरांना हे मान्य नव्हतं. ख्रिस्ताने आपल्या पापांचं सगळं देणं फेडलं, आता धुवायचं काय राहिलं? येशूच्या शेजारच्या क्रुसावरच्या चोराला त्याच दिवशी स्वर्ग मिळाला, त्याला कुठे थांबायला सांगितलं? मावशी म्हणायच्या, तो क्रुसावर लटकला होता, त्याचं शुद्ध होणं तिथेच झालं.

मी एकदा विचारलं, आमच्याकडे पितृपक्षात पान ठेवतात तसं का? तेव्हा दोघंही एकदम नाही म्हणाले. त्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

एकदा सरांच्या ओळखीचे एक प्रार्थना घेणारे गृहस्थ त्यांना भेटायला आले. मावशींच्या हातातली माळ बघून, याने तुमचा उद्धार होणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सरांनी त्यांना तिथेच थांबवलं. म्हणाले, बाईंशी वाद घालायला मी इथे दोन वर्षं बसलोय, तुम्ही आजच आलात. म्हणजे वाद असला तरी आदर होता.

मग जागा बदला असं सर का म्हणाले? त्या दिवशी मावशींनी विचारलं होतं, "तुमच्या सुहासच्या नावानं माळ म्हणू का?"

सुहास हा सरांचा एकुलता मुलगा. बापाशी भांडून घराबाहेर पडला, चर्च सोडलं, आणि दीड वर्षांनी हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. बोलणं राहूनच गेलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. सरांनी ती मावशींना एकदाच कधीतरी सांगितली होती. सरांच्या श्रद्धेप्रमाणे मेलेल्या माणसाचा निवाडा देवाच्या हातात असतो, मागे राहिलेल्यांनी त्यात काही मागायचं नसतं. त्यामुळे सरांना मुलासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. घरात त्याचं नावही कुणी घेत नव्हतं. मावशींना ते म्हणाले, "त्याचं नाव घेऊ नका. माझ्यासमोर तर नकोच." आणि डायलिसिस संपल्यावर मला जागा बदलायला सांगितली.

मी डॉक्टरांकडे गेले.

"पाच मशिनी आहेत," ते म्हणाले. "एक कावीळवाल्यांची वेगळी. बाकी चार भरलेल्या. कुठे हलवू त्यांना?"

"ते खूप दुखावलेत, डॉक्टर."

"मग मधे पडदा लाव."

मी पडदा लावला. पुढचे पाच-सहा डायलिसिस दोघंही पडद्याच्या दोन बाजूंना गप्प पडून होते. मावशी माळ मनात म्हणायला लागल्या. वॉर्ड इतका शांत झाला की मशिनींचा आवाज मला मोठा वाटायला लागला.

त्यानंतरच्या एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला लाइट गेली. त्यात विशेष काही नाही. जनरेटर सुरू होतो, तोपर्यंत मशीन स्वतःच्या बॅटरीवर रक्ताचा पंप चालू ठेवते. त्या दिवशी जनरेटर दोनदा गुरगुरला आणि बंद पडला. आमचा वॉर्डबॉय खाली पळाला. समोरच्या बाजूच्या मशिनी बॅटरीवर चालत राहिल्या, वैशाली सिस्टर त्यांच्यावर लक्ष ठेवायला तिकडे गेली. खिडकीजवळच्या दोन जुन्या मशिनींनी मिनिटभर शिट्टी मारली आणि त्यांचे पंप थांबले. त्या सरांच्या आणि मावशींच्या.

बॅटऱ्या मेल्या होत्या. त्या तपासायचं काम माझं होतं. मी तीन आठवडे तपासल्या नव्हत्या. हे मी इथे लिहिते, कारण रिपोर्टमध्येही मी तेच लिहिलं.

पंप थांबला की पेलाभर रक्त नळ्यांमध्ये अडकून राहतं आणि गोठायला लागतं. गोठलं की फेकून द्यावं लागतं. धडधाकट माणसाला एवढं रक्त गेल्याचं काही वाटणार नाही. पण आमच्या पेशंटच्या अंगात रक्त आधीच कमी असतं. मावशींचं हिमोग्लोबिन त्या महिन्यात फारच खाली होतं. तेवढं रक्त त्यांना परवडणारं नव्हतं.

अशा वेळी पंपात एक हँडल बसवून तो हाताने फिरवायचा असतो. मागून सलाइन सोडायचं. ते रक्ताला पुढे ढकलतं आणि रक्त माणसात परत जातं. जोरात फिरवलं तर शिरेवर दाब येतो, फार हळू फिरवलं तर गोठतं. आणि हवेचा बुडबुडा आत जाता कामा नये. एरवी तो मशीन पकडते, तेव्हा मात्र फक्त डोळे असतात. एका मशीनला एक माणूस लागतो. मशिनी दोन होत्या आणि मी एकटी.

मी मावशींच्या मशीनला हँडल लावलं, सलाइन जोडलं. तेवढ्यात मधला पडदा सरकला. सर उठून बसले होते. डावा हात नळ्यांसकट त्यांनी जागच्या जागी धरून ठेवला होता. मावशींची मशीन दोन बेडच्या मधे होती, सरांच्या उजव्या हाताशी.

"माझा हा हात मोकळा आहे," ते म्हणाले. "काय करायचं ते सांगा."

पेशंटने दुसऱ्या पेशंटची मशीन चालवायची नसते. मी एक क्षण थांबले. मग त्यांना हँडल दिलं, फिरवायची दिशा दाखवली, आणि या नळीतली पातळी या खुणेखाली आली तर ताबडतोब थांबा, असं दोनदा सांगितलं. मी पलीकडे जाऊन सरांची मशीन फिरवायला लागले. तिथून मला दोन्ही नळ्या दिसत होत्या.

सर घाबरले होते. हात जोरात फिरायला लागला.

"सर, हलू. खांद्यापरत दुखतंय," मावशी म्हणाल्या.

मी आकडे मोजायला सांगितलं. ते मोजताना चुकत होते, थांबत होते, परत जोरात फिरवत होते. मग मावशी म्हणाल्या, "माझ्यासंगं म्हना. तुमचीच हाय ती पन." आणि त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली, येशूने शिष्यांना शिकवलेली. ती दोन्ही पंथांची एकच. सर बरोबर म्हणायला लागले. ओळीला एक फेरा. हात ताळ्यावर आला. मावशी जिथे थांबल्या तिथे सर थांबले नाहीत. त्यांच्या पंथात शेवटी आणखी एक ओळ म्हणतात, ती त्यांनी एकट्याने पूर्ण केली.

नळीत अजून बरंच रक्त होतं. मावशींनी मेरीमातेची माळ सुरू केली.

मला वाटलं, आता हात थांबणार. थांबला नाही. सरांचे ओठ मिटलेले होते. ती प्रार्थना त्यांनी म्हटली नाही, एक शब्दसुद्धा. पण तिच्या लयीवर ते हँडल फिरवत राहिले. एक म्हटली, दोन म्हटल्या, पाच म्हटल्या. प्रत्येक फेऱ्याला नळीतला गडद रंग थोडा फिका होत होता आणि मावशींचं रक्त मावशींत जात होतं.

मग त्या मेलेल्यांची नावं घ्यायला लागल्या. आधी अंतोन. मग आई-बाप. मग थोडं थांबून, अगदी सरळ आवाजात त्या म्हणाल्या, "आनि सुहासच्या आत्म्याला."

मी सरांच्या हाताकडे बघितलं. माझ्या स्वतःच्या हातातलं हँडल मी विसरले होते, इतकं खरं सांगते. सरांनी मान खाली घातली. डोळ्यांतून पाणी सुरू झालं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. एक हात सुयांमध्ये होता आणि दुसऱ्यात मावशींचा जीव होता. फेरा एकदाही चुकला नाही.

बावीस वर्षं मी हे काम करते. माणसं जाताना पाहिली आहेत आणि अगदी कडेवरून परत येताना पाहिली आहेत. पण त्या खिडकीपाशी त्या पाच मिनिटांत जे होतं त्याला माझ्याकडे शब्द नाही. मी हिंदू आहे. तरी चपला बाहेर काढून ठेवायला हव्या होत्या असं मला वाटलं.

नळ्यांमध्ये नुसतं पाणी दिसायला लागलं तेव्हा मी दोन्हीकडे क्लॅम्प लावले. दोघांचंही रक्त परत गेलं होतं. थोड्या वेळाने जनरेटर सुरू झाला, तेव्हा त्याची गरज संपली होती.

मावशी म्हणाल्या, "सर, राग आला असंल तर सांगा. मना वाटलं, आता नाय घेतलं तर कदी घेनार."

सरांनी मोकळ्या हाताने डोळे पुसले. मग म्हणाले, "मला ते पटत नाही, फिलोमिनाबाई. आजही पटत नाही. पण अकरा वर्षांत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याचं नाव ऐकलं नव्हतं."

पडदा मी त्याच दिवशी काढला.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पेशंटच्या हातात हँडल का दिलं, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे तिसरा हात नव्हता. बॅटरीचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, ती चूक माझी. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. पुढच्या आठवड्यात दोन्ही बॅटऱ्या नव्या आल्या.

ट्रेनमध्ये सरांनी नंतर सांगितलं, त्या बुधवारी घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. दोघांनी सुहासचे फोटो कपाटातून काढले. एक समोरच्या भिंतीला लावला.

दोघांचा वाद पुन्हा सुरू झाला, पहिल्यासारखाच. कुणीही कुणाचं मत बदललं नाही. साडेचार महिन्यांनी मावशी घरीच झोपेत गेल्या. सर आणि त्यांच्या पत्नी अंत्यविधीला पेणला आले होते. सर मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसून होते. परतताना मी त्यांना विचारलं, मावशींसाठी काही प्रार्थना केलीत का? खरं तर विचारायला नको होतं.

"नाही," ते म्हणाले. "मी मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. त्यांच्या मुलीसाठी केली, ती जिवंत आहे."

आईची माळ आता ती मुलगी म्हणते. त्यात सुहासचं नाव येतं. तिने सरांना विचारून घेतलं होतं आणि सर नाही म्हणाले नाहीत.

कुणाचं बरोबर, हे मला कळत नाही आणि ते माझं कामही नाही. माझ्या कामापुरता धडा एवढाच: बॅटरी दर सोमवारी तपासावी, मागच्या सोमवारी ठीक होती यावर विसंबू नये. आणि हँडल कसं फिरवायचं हे नव्या पेशंटला पहिल्याच आठवड्यात शिकवावं. स्वतःच्या मशीनचं शिकवावं, आणि शेजारच्या मशीनचंही.