फुलाआत्या लस घ्यायला उतरली

पालीचा सोमनाथ एरवी राजगडावर येणाऱ्या ट्रेकर मंडळींना पिठलं-भाकरी खाऊ घालायचा आणि कुठं बंदोबस्त लागला की होमगार्डची खाकी चढवायचा. करोनात गड बंद झाला, चूल थंडावली, खाकी मात्र अंगावरून उतरेना. आधी हायवेवर नाकाबंदी, मग भोरला कोविड सेंटरच्या फाटकावर ड्युटी. रुग्णांच्या घरच्यांनी आणलेले डबे आत पोचवता पोचवता कुणाला तिखट चालत नाही, कुणाला भाकरीच लागते, हे त्याला पाठ झालं होतं.

लस आली तेव्हा त्याला गावच्या शाळेत नेमलं, गर्दी आवरायला. गर्दीच नव्हती. नर्स शिवानी सिस्टर लसीची पेटी घेऊन बसल्या होत्या. बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून पुरेशी माणसं जमेपर्यंत त्या ती उघडेनात. डोंगरावरच्या वाडीतून तर कुणीच आलं नव्हतं. लस घेतली की माणूस आठवड्यात जातो, असं तिथं कुणीतरी पसरवलं होतं.

सिस्टरनी सोमनाथला वर पाठवलं. खाकी बघून, हा धरून न्यायला आलाय असं वाटून लोकांनी दारं लावून घेतली. तो सरळ फुलाबाईकडं गेला. ही त्याची सख्खी आत्या; वाडीतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. आत्यानं गुडघेदुखीचं निमित्त पुढं केलं. उतरवत नाही, गाडी वर येत नाही, मग जायचं कसं? सकाळीच ती शेळ्यांमागं रान फिरून आली होती, हे सोमनाथला ठाऊक होतं. तो खाली गेला आणि गडावरून जखमींना उतरवायचं स्ट्रेचर अन् होमगार्ड पथकातले तिघे गडी घेऊन आला.

अंगणात स्ट्रेचर टेकल्यावर आत्याचा चेहरा पडला.

"जित्या माणसाला चौघांच्या खांद्यावर नेतूस व्हय रं?"

"तूच म्हनलीस, उतरवत न्हाई."

तिनं पदर खोचला, शेजारणींना हाका मारल्या आणि तरातरा पुढं निघाली. मागून बायकांची रांग, त्यामागं रिकामं स्ट्रेचर.

शाळेत मात्र सुई बघून ती थबकली. सोमनाथला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "खरं सांग, काय हुनार न्हाई ना?"

"ताप येतोय, आत्ये. मलाबी आलता. पर सेंटरवर म्या जे बघितलंय, ते तुझं बघायचं न्हाई मला."

आत्यानं तोंड फिरवलं आणि दंड पुढं केला.

त्या दिवशी सिस्टरना दुसरी बाटली उघडावी लागली. रात्री आत्याला सणकून ताप भरला. बरी झाल्यावर ती शेजारच्या वाड्यांवर फिरली, ताप येतो, पेज पिऊन निजायचं, असं सांगत. हिला तुमच्या पथकातच घ्या, असं सिस्टर सोमनाथला म्हणाल्या. आत्यानं ते हसण्यावारी नेलं. पण पुढच्या शिबिराला ती सोमनाथच्या आधी येऊन शाळेच्या व्हरांड्यात बायकांना अंतरानं बसवत होती.