जिऱ्याला मालक नव्हता

"तिला ऑरेंज द्या. ती काय बोलत न्हाई."

हे आत्या स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. आमच्या लातूरच्या घरात हळू आवाज फाटकापर्यंत जातो. मी बाहेर सोफ्याच्या टोकाला बसले होते. दोन मिनिटांत माझ्या हातात ऑरेंज आलं. मी थँक्यू म्हटलं आणि पिऊन टाकलं. मला ऑरेंज आवडत नाही, हे तोवर मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

कोल्ड्रिंकचा कारखाना आमचा घरचाच. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि बाटल्या भरायची एक मशीन. तो चालवतात माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठे बाबा. आम्ही नांदेडला राहतो, सुट्टीत लातूरला येतो. यंदा मला काम लावलेलं होतं. नवं लेबल छापायचं होतं आणि त्याच्यावर कंपनीचा इतिहास इंग्रजीत पाहिजे होता.

"आपल्यात इंग्रजी शाळेची तू एकटीच," मोठे बाबा म्हणाले. "चारच ओळी लिही. पण अशा लिही की वाचणाऱ्यानं बाटली खाली ठिवून हात जोडले पायजेत."

मी वही घेऊन सगळ्यांना विचारत फिरले. सुरुवात आजोबांच्या गोटी सोड्यापासून झाली, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. मग आजोबांनीच लिंबू आणि ऑरेंज आणलं. पुढचा इतिहास मोठ्या बाबांचा. त्यांनी गुलाब काढला. तो प्यायला की अंगावर गुलाबपाणी शिंपडून कुणीतरी लग्नाच्या पंगतीत बसवल्यासारखं वाटायचं. मग खस काढला. चाकूरच्या एका दुकानदाराने खसच्या हिरव्यागार बाटल्या शोभेसाठी काचेत मांडल्या. उन्हाने रंग उडून त्या पांढऱ्या पडल्या, मग लिंबू म्हणून खपल्या. मोठे बाबा ही गोष्ट आजही यश म्हणून सांगतात.

असले फ्लेवर बाजारात जायचेच कसे, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर आमच्या घरच्या रिवाजात होतं. नवा फ्लेवर आधी घरात चाखायचा, वयाच्या क्रमाने. पहिला घोट मोठ्या बाबांचा. ते "वा!" म्हणतात. थोरल्याने वा म्हटल्यावर धाकट्याने थू कसं म्हणायचं? पप्पा "लई भारी" म्हणतात, आत्या "लई भारी" म्हणते, आणि बाटल्या टेम्पोत चढतात.

जिऱ्याची गोष्ट तेवढी वेगळी. तो कुणी काढलाच नव्हता. एका लग्नात मोठ्या बाबांनी बुंदी जरा जास्तच खाल्ली आणि दोन दिवस पोट धरून बसले. मोठ्या आईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, जिरं भाजलं, कुटलं आणि काळ्या मिठासोबत सोड्यात घालून त्यांना दिलं. पोट बरं झालं. शेजारच्यांनी मागितलं, मग दुकानदारांनी. रेणापूरकडे तर अजून जिराच खपतो, बाकीचे फ्लेवर त्याच्यासोबत गळ्यात मारावे लागतात. जिरं आजही मोठी आईच भाजते. पण मोठे बाबा मला म्हणाले, "लिही, बराच अभ्यास करून तयार केलेला फ्लेवर."

"अभ्यास कसला? हागवण," मोठी आई आतून म्हणाली.

मी वहीत दोन्ही लिहून ठेवलं.

आणि आता केळं येणार होतं. मागच्या महिन्यात मोठे बाबा आमच्याकडे नांदेडला आले होते. तिथून ते एका लग्नासाठी अर्धापूरला गेले आणि केळीच्या बागा बघून भारावून परतले. आधी त्यांनी सोड्यात खरं केळं घालून बघितलं. तो काळा पडला. मग हैदराबादहून इसेन्स मागवला. पण मशीन एकच, म्हणून नवा फ्लेवर आला की जुना एखादा जातो. लिंबू आणि ऑरेंज आजोबांचे, त्यांना हात लावायची सोय नव्हती. गुलाब आणि खस मोठ्या बाबांचे स्वतःचे. जिऱ्याला मालक नव्हता.

"जिरा बंद करायलो," मोठ्या बाबांनी जेवताना जाहीर केलं. "लेबलं उद्या छापायला जातील."

"बरं झालं," मोठी आई म्हणाली. "माझी त्या धुरातून सुटका झाली." मग तिने वाढलेलीच भाजी मला पुन्हा वाढली, आणि नंतर आणखी एकदा. तिचं लक्ष ताटात नव्हतं.

जेवण झाल्यावर सगळे गोल बसलो. पिवळेधमक ग्लास आले. मोठ्या बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा!"

पप्पांच्या कपाळावर बारीक घाम आला. "लई भारी."

"लई भारी," आत्या म्हणाली आणि ग्लास स्वतःपासून शक्य तितका लांब ठेवला.

मोठी आई नुसतीच म्हणाली, "गोड हाय."

माझी पाळी शेवटची. धाकट्याची पाळी येईतो लोक उठायला लागलेले असतात, तेव्हाही लागले होते. मी घोट घेतला. लहानपणी ताप आला की माझं नाक दाबून जे पाजायचे, त्याचीच चव. तो गिळायला मला इतका वेळ लागला की उठलेले सगळे परत बसले.

"का हो मॅडम?" मोठे बाबा म्हणाले. "इंग्रजीत सांगा पायजे तर."

मोठी आई ग्लास गोळा करत होती. तिने मान वर केली नाही, पण ग्लासांचा आवाज थांबला. आता ही लई भारी म्हणेल, असं धरून आत्या माझ्याकडे बघत होती.

"मोठे बाबा," मी म्हटलं, "हे तापाच्या औषधासारखं लागतंय. जिरा बंद करू नका. तो मोठ्या आईचा आहे, आणि लेबलवर मी तसंच लिहिणार आहे. आणि मला ऑरेंज आवडत नाही. कधीच आवडलं नाही."