'नाय'चं 'नाही' झालं

मित्रांनो, आज आमच्या बँडचा पहिला अल्बम आला. अभिनंदन नको, आधी ऐका.

'आमी नाय हलनार' हे माझं गाणं खांदा कॉलनीतल्या गच्चीवर आम्ही याच शब्दांत वाजवायचो. स्टुडिओत मात्र आमचाच गिटारवाला म्हणाला, "'आम्ही नाही हलणार' म्हण ना यार, गावठी वाटतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भांडलो, हरलो आणि तसंच गायलो.

आज गव्हाणला घरी सीडी लावली. आईनं मासळी साफ करता करता अख्खं गाणं ऐकलं.

"बरा हाय. कोन गातय?"

"मीच गं!"

"तू? तू कवा असा बोलतस?"

कव्हरवर ठसठशीत छापलंय, 'अस्सल मातीतला आवाज'.

कुठल्या मातीतला, सांगा ना कोणीतरी! माझ्या आईला तरी ओळखू आला नाही.