विल्सनला मी पटवलं

चहा घ्या, गार होईल. आणि मी माझ्याच तोंडाने माझी कशी वाट लावली ते ऐका. हसू आलं तर खुशाल हसा, मला राग नाही.

विल्सन आणि मी एकाच चर्चचे. रविवारी उपासना सुटली की समोरच्या ठेल्यावर तर्रीपोहे आणि वाद! त्याचं म्हणणं, जे होतं ते सगळं देवाने आधीच ठरवलेलं. माझं म्हणणं, देवाने माणसाला निवड दिली आहे, निर्णय आपला. आमच्या पाळकसाहेबांनीसुद्धा आम्हा दोघांपुढे हात टेकले होते.

मग विल्सनच्या हृदयात ब्लॉकेज निघाले. बायपास ठरली. आदल्या दिवशी त्याच्या बायकोचा, मार्थावहिनींचा फोन. अगदी रडकुंडीला आलेल्या.

"भाऊजी, हे ऐकूनच नाही राहिले. तुम्ही समजवा ना!"

काय ऐकत नाही, हे विचारायला नको? पण मी कशाला विचारतो! मी धरूनच चाललो की हा ऑपरेशनला नाही म्हणतोय. 'देवाने ठरवलं ते होईल' म्हणून अडून बसला असणार! बेसातल्या माझ्या घरून थेट हॉस्पिटल गाठलं. रस्ताभर मुद्दे जुळवत होतो.

विल्सन खाटेवर शांत बसला होता. मी बसलोसुद्धा नाही.

"विल्सन, देवाच्या नावावर ढकलू नको. निर्णय तुझा आहे!"

"कोणता निर्णय गा?"

"ऑपरेशनचा! देव कोणाले हात धरून टेबलावर नाही झोपवत. तुले हो म्हणता येते, तसं नाही पण म्हणता येते."

तो माझ्याकडे टक लावून बघू लागला. मला वाटलं, मुद्दा लागला! मग काय, मी सुटलोच. शास्त्रातले दाखले, उदाहरणं, सगळं ओतलं.

"म्हणजे मी नाही म्हणू शकतो?" तो खाटेवरून खाली उतरला. "मले वाटे, हे ऑपरेशनही त्यानंच ठरवलं. म्हणून भेव नव्हतं. आता तू म्हणून राहिला, सारं माह्या हातात हाय!"

तेवढ्यात वहिनी आल्या. "समजवलं का भाऊजी? सकाळपासून तर्रीपोहे मागून राहिले. डॉक्टर नाही म्हणते, तरी हट्ट!"

पोहे! मला पोह्यांसाठी बोलावलं होतं हो!

मी घाईघाईने उलटा फिरलो. "अरे, ठरलेलंच आहे सारं! देवाची योजना आहे ही!"

"आता पलटू नको गा," विल्सन चपला शोधत म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुह्यं पटलं मले."

वहिनी रडल्या, डॉक्टर रागावले, मी हात जोडले. तो घरी गेला. महिनाही काढला नाही त्याने.

दफनाच्या दिवशी मी कबरस्तानाच्या भिंतीशी एकटा उभा होतो. माझ्याच शिकवणीप्रमाणे हिशेब सरळ होता. देवाने काही केलं नव्हतं, मी केलं होतं. वहिनी स्वतः चालत माझ्यापाशी आल्या.

"मनाले लावून घेऊ नका भाऊजी. देवानं आधीच ठरवलं होतं."

ज्या वाक्याशी मी जन्मभर भांडलो, तेच! विल्सन असता तर 'आता बोल गा' म्हणून माझ्याकडे बघत बसला असता.

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "हो वहिनी. ठरलेलंच होतं."

आणि असं म्हणायचं, हे मात्र माझं मीच निवडलं.