राखुंडी भाऊजींचा वाल

आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले भाऊजी ड्यूटीला निघण्याआधी झाडांना राख फासायचे. स्वतःचा चहा विसरतील, पण राख नाही. वारा सुटला की ती माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर. मी वैतागून त्यांचं नाव राखुंडी भाऊजी ठेवलं आणि ते क्वार्टरच्या सगळ्या ओळीत चालू झालं.

तेव्हा भिलाईत कारखान्याचं बांधकाम जोरात होतं. सेक्टर ६ मधलं आमचं अंगण म्हणजे सपाट केलेला नुसता मुरूम, आणि नळ यायचा नळाच्या मर्जीनं. तिथे गुलाब लावणाऱ्यांना भाऊजी हसायचे. "पानी मांगनारं झाड आपल्या कामाचं नाई. गवार लावा, वाल लावा. उपाशी राहून शेंगा देतेत." उन्हाळ्यात त्यांची गवार यायचीही. वाल मात्र दर हिवाळ्यात मांडवावर चढायचा, फुलायचा आणि मान टाकायचा.

खरं तर तो वाल त्यांच्या बायकोसाठी, वहिनींसाठी होता. त्या गोंदियाकडे गावी शेत सांभाळून होत्या. संक्रांतीला यायच्या, अंगणाकडे बघून म्हणायच्या, "जेथं वाल जगत नाई, तेथं मी काहून राहू?" आणि पॅसेंजरने परत. मग भाऊजी पुन्हा आपल्या हातचं करपलेलं खात बसायचे. मला कीव यायची, त्याहून जास्त राग. बायकोला 'राहा' म्हणायला तोंड नको उघडायला?

एका पौषात आभाळ आलं आणि कोवळ्या शेंड्यांवर काळ्यामिट्ट माव्याची कीड बसली. भाऊजींनी तंबाखूचं पाणी शिंपडलं, वर बुडाशी राखेची पाटीच ओतली. मी म्हटलं, "पुरे हो, किडीआधी वेल मरेल." तर मलाच ऐकवलं, "तुमी शहरातल्या. आमच्या बापानं राखेवरच वाल पिकवले." या माणसापुढे कपाळ फोडून घ्यावंसं वाटे.

वहिनी आल्या तोवर पानं कडेनं जळाली होती. त्यांनी बुडाशी बसून राखेची पापडी उकरली, चिमूट बोटांत चोळली.

"अजी, हे कुठली राख?"

"शेगडीतली. राख ते राख."

"आपल्या गावच्या चुलीत लाकडं जळतेत. हा दगडी कोळसा हाय, याच्या राखेनं मुळं जळतेत! दरसाली तुमीच मारून राहिले वालाले, अन् मी समजो जागाच खराब."

भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. पाटी पालथी घालून ते तिच्यावर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलले, "तू अठी माझ्याजवळ असती तं सांगतलं असतं ना. मले एकट्याले नाई जमत."

वहिनींनी पदर खोचून वाळका वेल मुळासकट उपटला. "शेत दिराले कसाले देतो," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "या मानसाच्या भरवशावर गवत बी जगनार नाई."

संध्याकाळची पॅसेंजर त्यांना न घेताच गेली.