त्या दिवशी मी पोटभर जेवून गेले

"खा गं. लाजतेस कशाला? खा."

चेंबूरच्या एका डॉक्टरांच्या बंगल्याचा मागचा व्हरांडा. मी फरशीवर बसलेली, मासळीची पाटी शेजारी. पुढ्यात पत्रावळ. घरात पंगत होऊन गेली होती, तिच्या उरलेल्या पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. समोर खुर्च्यांवर बाईसाहेब, म्हणजे डॉक्टरांची बायको, आणि तिच्या चार मैत्रिणी. मी भरती बघून अंधारातच घर सोडलेलं, पोटात चहाचा घोटही नव्हता. मी खाऊ लागले. तशी एकीनं मोठ्यानं पुऱ्या मोजायला सुरुवात केली. मी पुरी उचलली की आकडा. मी चावतेय तोवर हसू.

"बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? म्हैस आहे नुसती." बाईसाहेब म्हणाल्या.

माझ्यासमोर म्हणाल्या. म्हशीला कुठं कळतं.

घास तोंडातच होता. थुंकायची हिंमत नव्हती. गिळला. पुढची पुरीही खाल्ली, कारण भूक लागली होती. भूक लागलेल्या माणसाला हसणाऱ्या बायका मी तिथं पहिल्यांदा बघितल्या. आमच्या वाशीगावात जेवणाऱ्याला कोणी हसत नाही.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. नवी मुंबई हे नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. वाशी म्हणजे कोळ्या-आगऱ्यांची घरं, भातशेती, मिठागरं आणि चिखल. आम्ही कोळणी होडीनं पलीकडं जायचो आणि बोयटं, कोलंबी, चिंबोऱ्या विकून ओहोटीच्या आत परतायचो. मी लहानपणापासून जाडी. आई जाडी, आजी जाडी. पण होडी गाळात रुतली की गावातले पुरुष मलाच हाक मारायचे. मी लुगडं खोचून चिखलात उतरायची, खांदा लावायची आणि होडी हलायची. दोन भरलेल्या पाट्या एकावर एक घेऊन मी मानखुर्दपासून चेंबूरपर्यंत चालत जायची. हे अंग माझं होतं. त्याला रोग म्हणतात हे मला बंगल्यात कळलं.

पत्रावळ उचलत होते तेव्हा डॉक्टरसाहेब बाहेर आले. विलायतेत शिकून आलेले, स्वतःचा दवाखाना असलेले मोठे सर्जन. त्यांनी मला उभं केलं, गोल फिरवलं, दंडाला चिमटा काढून मांस बघितलं. बाजारात मी जिताडा मासा दाबून बघते तसं.

"तुझं वजन मी उतरवतो," ते म्हणाले. "फुकट. एक ऑपरेशन. पोटातलं लांब आतडं बाजूला ठेवायचं, थोडंसंच जोडायचं. मग काय वाट्टेल ते खा, अंगी लागणार नाही."

बाईसाहेब म्हणाल्या, "नशीब काढलंस हो."

घरी सांगितलं तर नवरा जाळं विणता विणता थांबला. "तुना कं झालंय गो? काय दुखतंय?"

"काय नाय."

"मंग कापायचं कशाला? मना तू अशीच बरी हाय."

मी त्याचं ऐकलं नाही. माझ्या कानात त्या पुऱ्यांचे आकडे वाजत होते. पुन्हा कोणी मोजू नये, एवढंच मला हवं होतं.

ऑपरेशनच्या आधी मला दवाखान्यातल्याच एका मोठ्या खोलीत नेलं. पायऱ्या-पायऱ्यांवर शिकाऊ डॉक्टर बसलेले, सगळी पोरं. नर्सनं चादर काढली. अंगावर काहीच उरलं नाही. डॉक्टरसाहेब हातातल्या छडीनं माझं पोट उचलून इंग्रजीत बोलत होते. छडी थंड होती. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हशीसारखं हंबरलं. डॉक्टरसाहेबांनी डोळे वटारले नाहीत. हसले. मग माझा फोटो काढला, समोरून एक, बाजूनं एक. मी डोळे मिटले तर म्हणाले, "डोळे उघड."

मग कापलं.

वजन उतरलं. खोटं कशाला बोलू? असं उतरलं की गावातल्या बायका ओट्यावर येऊन बघून जायच्या. दंडाची कातडी फाटक्या शिडासारखी लोंबू लागली. पोटाची कातडी मांड्यांवर यायची आणि तिच्याखाली जखमा व्हायच्या. केस विंचरले की फणीत पुंजके. हाताची बोटं अचानक वाकडी होऊन आखडायची, मग नवरा एकेक बोट धरून सरळ करायचा. संध्याकाळ झाली की मला दिसेनासं व्हायचं. दार चाचपडत घरात यायची.

आणि जुलाब. खाल्लं की जुलाब. न खाता जुलाब. वास असा की मलाच मळमळायचं. अंग सोलून निघायचं, बसता यायचं नाही. आम्हाला कुठला संडास? खाडीकाठ, तोही भरतीला पाण्याखाली. मी कंबरेला जुन्या लुगड्याच्या घड्या बांधून फिरायची, तान्ह्या पोराला बांधतात तशा. सासू बोलायची नाही, पण तिनं माझं ताट वेगळं मांडायला सुरुवात केली.

एकदा होडी भर खाडीत असताना पोटात कळ आली. मी दात आवळले, होडीची कड धरली. उपयोग झाला नाही. माझ्या घड्यांतून खाली गेलं, होडीच्या तळाला, जिथं सगळ्यांच्या पाट्या ठेवल्या होत्या. कोणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. सगळ्यांनी फक्त तोंडं फिरवली. दुसऱ्या दिवशी होडीवाला खाली बघत म्हणाला, "बाय, राग मानू नको. पन लोकं नाय म्हनतान."

ज्या होडीला मी खांदा लावला, त्या होडीनं मला घेतलं नाही.

माझा नवरा त्या दिवसापासून माझी लुगडी खाडीवर नेऊन धुवायचा. कोळी माणूस, बायकोचं घाण लुगडं धुतोय. काठावरची पोरं टवाळी करायची. तो पिळायचा, झटकायचा, खांद्यावर टाकून घरी यायचा. एकदाही मला म्हणाला नाही की मी सांगितलं होतं.

आता धंद्याला मी त्याच्याच छोट्या होडीतून जाऊ लागले. जगायचं कसं ते हळूहळू शिकले. ताक-भात चालतो. कच्चं केळं उकडून चालतं. पेज थोडी थोडी, दिवसभर. पाणी जेवताना नाही. तेल नको, दूध नको. तेल पोटात गेलं की पाटी खाली ठेवायचीही फुरसत मिळत नाही. असं चाचपत, चुकत मला माझं नवं पोट कळू लागलं. पण ताकद आली नाही. अर्धी पाटी घेतली तरी गुडघे थरथरायचे.

मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. बाकावर सकाळपासून बसवून ठेवलं. आत घेतलं तेव्हा त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"जुलाब ऑपरेशननं होत नाहीत," ते म्हणाले. "तुम्हा लोकांचं पाणी घाण, हात घाण, वस्ती घाण. आणि तू अधाशासारखी खात असशील. सवय जाते का?"

"साहेब, दिसत नाय. केस गेले. ताकद गेली."

"आरशात बघितलंस का? बाई दिसायला लागलीस. उपकार मान." मग आवाज गोड करून म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परदेशातले मोठे डॉक्टर येतायत. तुला दाखवायची आहे. आदल्या दुपारपासून उपाशी राहा. पाणीसुद्धा नको. कोणी काही विचारलं तर 'बरं आहे' एवढंच म्हणायचं."

उपाशी राहा.

तिथं माझं डोकं लख्ख झालं. याला सगळं ठाऊक आहे. वस्ती घाण असती तर मी जेवून आले काय आणि उपाशी आले काय, याला काय फरक पडत होता? याला माहीत आहे माझ्या पोटात काय करून ठेवलंय. माहीत असून तो मला घाण म्हणतो. त्या घटकेपासून माझ्या तोंडून 'साहेब' गेलं. आता त्याला मी 'तो'च म्हणते.

बाहेर बाकावर एक पोरगी बसली होती. गोल, गोरी, नवं लग्न झालेली. सोबत सासू. दिघ्याहून आल्या होत्या. सासू नर्सला विचारत होती, "हिला कवा कापनार?" नर्स म्हणाली, "पाहुणे गेले की लगेच."

मी घरी आले. नवऱ्याला सांगितलं, "मना तो परत दाखवायला नेतोय. मी जानार. पन मी जेवून जानार."

तो हसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसला.

त्या दिवशी सकाळी मी स्वतः चूल पेटवली. जिताड्याचं कालवण केलं, वर बोटभर तेल तरंगेल असं. तांदळाची भाकरी कालवणात बुडवून खाल्ली. बोयटं तळून खाल्ली. किती दिवसांनी पोटभर जेवले. मोजायला कोणी नव्हतं. दूध मात्र तांब्यात घालून बरोबर घेतलं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून घटाघट प्यायले. घड्या बांधल्या नाहीत.

तीच खोली. तशीच पोरं. पुढच्या रांगेत सुटाबुटातले गोरे पाहुणे. त्यांच्या शेजारी बाईसाहेब, रेशमी साडीत. भिंतीवर माझा जुना फोटो उजेडात मोठा केलेला, डोळे उघडे. नर्सनं मला टेबलावर चढवलं, चादर काढली. तो बोलू लागला. छडी फोटोवर, छडी माझ्यावर. लोक माना डोलवत होते.

कळ आली.

मी म्हटलं, "मला जायचंय."

"दोन मिनिटं थांब," तो दातांतून म्हणाला आणि पाहुण्यांकडं वळून हसला.

मला थांबता आलं असतं का? थोडं आलं असतं. आवळून धरायला मी शिकले होते. खाडीत शिकले, बाजारात शिकले, याच्या बाकावर शिकले. मी थांबले नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सोडून दिलं.

टेबलावर, पांढऱ्या चादरीवर, त्याच्या चकचकीत बुटांवर. वास त्या खोलीत असा भरला की पुढच्या रांगेतले पाहुणे खुर्च्या पाडून उठले. बाईसाहेबांनी पदर तोंडाला लावला आणि दारातच ओकल्या. मागची पोरं या वेळी हंबरली नाहीत.

मी टेबलावर उठून बसले. मराठीत बोलले, कळणाऱ्यांना कळावं म्हणून. "हे रोज होतं. दिवसातून किती वेळा ते ह्याला विचारा. मी ह्याला सांगितलं, तर म्हनाला माझी वस्ती घान. ही घान ह्यानं माझ्या पोटात शिवली."

तो ओरडला, "हिला बाहेर काढा!"

एक गोरा म्हातारा गेला नव्हता. तो शेजारच्या पोराला मी काय म्हणाले ते विचारत होता. पोरानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

मी चादर गुंडाळून स्वतःच्या पायांनी बाहेर आले. दिघ्याची पोरगी बाकावर होती. तिच्यासमोर उभी राहिले आणि चादर बाजूला केली. लोंबणारं पोट, टाक्यांचे वण, त्याखालच्या जखमा. डोक्यावरचं टक्कल हात लावून दाखवलं.

"बघ," म्हटलं. "मी तुझ्याहून जाडी होते. होडी ढकलायची. आता पाटी उचलत नाय."

सासू म्हणाली, "चल गो, ही येडी हाय."

पोरगी उठली. पण आत गेली नाही. सासूचा हात झटकून फाटकाकडं चालू लागली, आणि सासू मागून धावत गेली.

मग एके दिवशी त्याचा माणूस वाशीला आला. डॉक्टर परत आतडं जोडून द्यायला तयार आहेत, म्हणाला, पण बाहेर कुठं बोलायचं नाही. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्या हातांना पुन्हा माझ्या पोटात जाऊ देणार नाही. सरकारी इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, नाकाला रुमाल न लावता. म्हणाल्या, "जोडता येईल. पण तुझ्या अंगात आता तेवढं सोसायची ताकद नाही, बाई. टेबलावरच जाशील." त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी थोडं दिसू लागलं. बाकी आहे ते आहे.

आता मी बाजारात बसत नाही. त्याच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर एका दगडावर बसते. अर्धी पाटी कोलंबी पुढ्यात, जवळच्या चाळीतल्या बायका आपला संडास वापरू देतात. आत जाणारी जाडी बाई दिसली की मी हाक मारते, "ये गो, जरा बस." आणि सगळं सांगते. न लाजता. दाखवायचं ते दाखवते. काही ऐकतात, काही नाक मुरडून आत जातात. बऱ्याच परत फिरतात. त्यानं रखवालदार पाठवला, पोलीस पाठवला. पोलिसाला मी विचारलं, "मला चौकीत नेनार? ने. तिथं संडास हाय ना?" तो गेला.

रोज सकाळी त्याची मोटार फाटकातून आत जाते. तो मान दुसरीकडं करतो. मी करत नाही. मला माफी नको, त्याचा इलाज नको. त्यानं रोज मला बघितलं पाहिजे. हे अंग किती दिवस टिकेल मला माहीत नाही, पण त्याचा दवाखाना चालू आहे तोवर मी या दगडावरून उठणार नाही. दोघांपैकी आधी तो जावा. तेवढ्यासाठी मी रोज पेज खाते.