लाईनीची बारी

खुटबावला सून म्हणून आले तेव्हा मला दोनच गोष्टी धड येत होत्या, टायपिंग आणि भांडण. माहेर पाबळचं. लग्नाआधी शिरूरला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. भांडणाला कोर्स लागला नाही, आम्ही चार बहिणी. लग्नानंतर दोनेक वर्षांनी गावात पिठाच्या गिरणीच्या माडीवर डेटा एन्ट्रीचं सेंटर निघालं आणि मी पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन हजर. सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्या म्हणाल्या, "गावात हाय तवर कर. गावाच्या भायेर जायाचं न्हाई. शेतात दारं कोण धरनार?" पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, ते दारं धरणं. कॅनॉलला आवर्तन सुटलं की त्या कामाला मी हवीच असायचे. मी बरं म्हटलं. गावातच पगार मिळतोय तर बाहेर जायचंय कुणाला!

सेंटरात आम्ही आठ जणी एका ओळीत बसायचो. समोर पडदा, कीबोर्ड, माऊस आणि वहीएवढा एक डबा. त्या डब्यात कॉम्प्युटर नव्हताच. आमचे आठही कॉम्प्युटर पुण्यात, कुठल्याशा थंडगार खोलीत. इथं बटण दाबलं की ते टेलिफोनच्या लाईनीवरून पुण्याला जायचं, तिथं काम व्हायचं आणि त्याचं चित्र परत इथं दिसायचं. आता याला लोक क्लाऊड म्हणतात. आम्ही पुण्याचं मशीन म्हणायचो. काम साधं होतं. पडद्यावर डावीकडं लोकांनी हातानं भरलेल्या फॉर्मचा फोटो उघडायचा आणि उजवीकडं तो टाईप करायचा.

पण ती मेली लाईन! 'दौंड' टाईप करावं तर पडदा ढिम्म. आपण पुन्हा टाईप करावं, तर एकदम 'दौंडदौंड' यावं. खोडायला जावं तर आधीचंही खोडलं जावं. दिवसातून दहादा कुणीतरी टेबलावर हात आपटून "अगं बया, झोपली का काय!" म्हणून ओरडायची. पुण्याच्या साहेबांनी मला फोनवर सांगितलं, "मॅडम, तुम्ही जरा लाईनीवर लक्ष ठेवा." त्यांनी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक काळी चौकट उघडायला शिकवली. त्या चौकटीतून दर सेकंदाला पुण्याला हाक जायची, आणि तिकडून ओ यायला किती वेळ लागला त्याचा आकडा दिसायचा. साठ-सत्तर आकडा म्हणजे लाईन झकास. हजाराच्या वर गेला की समजायचं, आता बोंब होणार. कधीकधी ओ यायचीच नाही.

मला त्या आकड्यांचं वेडच लागलं. भाकरी थापतानासुद्धा डोळ्यांपुढं आकडे पळायचे.

आणि मग एके दिवशी साहेबांचा फोन आला. "पुढच्या सोमवारी मी स्वतः येतो. लाईन अशीच असेल तर सेंटर पुण्याला हलवावं लागेल. तुम्ही सगळ्या पुण्याला या, नोकऱ्या कुठं जात नाहीत." घरी मी तो निरोप जसाच्या तसा सांगितला. नोकरी जात नव्हती, पण मला कोण जाऊ देणार होतं? आत्याबाईंचा शब्द मला पाठ होता. मी परत वाफ्यात उभी राहणार, हे मला लख्ख दिसलं. मला वाफ्याची लाज नव्हती हो, पण त्या खुर्चीवर माझा फार जीव होता.

टेलिफोनवाले येऊन वायर बदलून गेले. काही फरक पडला नाही. गंमत म्हणजे सगळ्या खाली चहाला गेल्या की आकडे साठ-सत्तर. सगळ्या वर येऊन बसल्या, फॉर्म उघडले, की दीड हजार. म्हणजे लाईन धड होती, आमचीच गर्दी तिला झेपत नव्हती. टायपिंगचं ओझं तिला कळतसुद्धा नव्हतं. फॉर्मचा फोटो उघडताना मात्र ती धापा टाकायची, आणि आम्ही आठही जणी एकदम फोटो उघडत होतो. हे कळलं, पण करायचं काय ते कळेना.

शेवटच्या मशीनवर एक पोरगी होती. तिच्या आज्यानं जन्मभर मेंढरं राखली, आणि तो हाकेचा आवाज तिच्याकडं जसाच्या तसा आला होता. शुक्रवारी ती उठून पहिल्या खुर्चीवरच्या बाईवर कडाडली, "तुमी वरच्या समदं पिऊन बसता, आन् आमच्या शेवटाला काय येतंय? चिखल?"

"मी काय दारं फोडलं का तुझं?" पहिलीचा फणकारा.

खरं तर वायरीत वर-खाली असं काही नसतं. पण मी खुर्चीतून ताडकन उठले. "गप बसा दोघी! बारी लावू."

कॅनॉलच्या पाण्याची बारी, म्हणजे पाळी, सगळ्यांच्या घरी होती, त्यामुळं कुणाला काही समजवावं लागलं नाही. एकीनं फोटो उघडायचा, तो पूर्ण दिसला की शेजारणीला "घे" म्हणायचं आणि आपण टाईप करत बसायचं. आपला फॉर्म संपेपर्यंत बारी फिरून परत आपल्याकडं येते. पहिले दोन तास नुसता गोंधळ, कुणी हळूच बारी चोरायची, की शेवटची पोरगी तिला धरायचीच. दुपारपर्यंत माडीवर "घे", "घे", "घे गं" असं चालू झालं आणि काळ्या चौकटीत आकडा काही शंभरावर जाईना. मी आनंदानं टाळ्याच पिटल्या.

सोमवारी साहेब आले. चहा घेतला, माझ्या मागं उभं राहून आकडे बघितले. सत्तर, अडुसष्ट, बाहत्तर. त्यांचा विश्वास बसेना. "आज लाईनीवर काम कमी असेल," म्हणाले, आणि एक जादा डबा होता त्याच्यासमोर स्वतःच बसले. बसले ते बसले, अख्खा गठ्ठा उघडून फॉर्ममागून फॉर्म धडाधड पुढं ढकलायला लागले. माझ्या चौकटीत आकडा चारशे, नऊशे, दोन हजार. मग ओच येईना. आठही पडदे थिजले. आमचं सेंटर माझ्या डोळ्यांदेखत पुण्याला निघालं होतं.

माझं डोकं फिरलं. कोण साहेब आणि कोण काय, मला काही सुचलं नाही.

"ओ साहेब! बारी कुणाची हाय? काढा हात कीबोर्डावरनं!"

 साहेबांनी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे.  आणि तेवढ्यात चौकटीत ओ आली. नऊशे. तीनशे. पंच्याऐंशी. सत्तर. साहेब हात वर धरूनच वाकून बघत होते.

"मी थांबलो म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. आता मागं कशाला फिरायचं? "लाईन चांगली हाय साहेब. समद्यांनी एकदम तोंड लावलं तर कुनालाच पुरत न्हाई. आन् कॉम्प्युटर तर पुण्यातच हायत. मग आमी हितं बसलो काय, तिथं बसलो काय, त्यान्ला काय फरक पडतोय?"

 साहेब एवढे मोठ्यानं हसले की खालचा गिरणीवाला जिना चढून वर डोकावला. "बरं, मग माझी बारी कधी?" त्यांनी विचारलं. "माझ्यामागनं," शेवटची म्हणाली. साहेब खरंच गप बसून राहिले. ओळीनं "घे" "घे" होत आलं, शेवटी त्या पोरीनं त्यांना "घ्या साहेब" म्हटलं, आणि त्यांनी एक फॉर्म उघडला. एकच. आकडा शहात्तर. जाताना जिन्यात म्हणाले, "सेंटर इथंच राहील."

ते गेल्यावर आम्ही आठ जणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो, आणि मी रडलेसुद्धा. का नाही रडणार?

संध्याकाळी घरी न जाता मी तडक शेतात गेले. आत्याबाई खोरं घेऊन पाण्यात उभ्या होत्या. मी बांधावरूनच ओरडले, "राहिलं! सेंटर राहिलं!"

"वरडतीस कशाला? सायबावर बी अशीच वरडलीस म्हनं." गिरणीवाला माझ्याआधी पोचला होता तर. मी चपला काढल्या, साडी खोचली आणि खोरं घ्यायला हात पुढं केला. त्यांनी ते दिलं नाही.

"ऱ्हाऊ दे. आज सकाळीच दाऱ्यावर एक बाई लावलीया मी कायमची," त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या. "तुझं काय, तू आता नोकरीवाली."

सकाळी, म्हणजे साहेब यायच्या आधीच, सेंटर राहणार की पुण्याला जाणार ते ठरायच्या आधी.